वजनाचे वैरी

मानवजातीची सगळी प्रगती म्हणजे ओझं कमी करत जाण्याचा इतिहास आहे. दगडाची हत्यारं गेली, लोखंडाची आली. गाडीची भरीव चाकं गेली, आऱ्यांची आली. राजांचे मुकुट गेले, पुढाऱ्यांच्या टोप्या आल्या. मी महाविद्यालयात इतिहास शिकवत असलो तरी हा सिद्धांत माझा नाही. तो मला आमचे अमरावतीच्या राजापेठेतले शेजारी दिगंबरराव वानखडे यांनी ऑटोत बसून सांगितला. ऑटोत आम्ही दोघंच होतो. दिगंबरराव बसले की ऑटोवाले तिसरी सवारी घेत नसत, आणि चढ आला की मला उतरायला सांगत.

दिगंबररावांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे. तिथे रद्दीवाल्यांकडे असतो तसा आकड्याचा छोटा ताणकाटा असे. समोर आलेली वस्तू आधी हातावर तोलायची, डोळे मिटायचे, "जास्त हाय" असं म्हणायचं आणि मग काट्याला लावून आपण बरोबर होतो याची खात्री करायची, असा त्यांचा क्रम होता. भाजीबाजारात लोक वजन कमी भरलं म्हणून भांडतात. दिगंबररावांनी एकदा फुलकोबीला एवढा देठ कशाला, या मुद्द्यावर माळणीशी वाद घातला. तो देठ देवाने लावला आहे असं तिने सांगितल्यावर ते म्हणाले, "त्यानं बी विचार कराले पायजे होता."

एकदा कुणाच्या तरी मुलाची लग्नपत्रिका मखमली खोक्यातून आली. आत पितळेचा गणपती, बदामांची पुडी, वर रेशमी गोंडा. दिगंबररावांनी खोकं काट्याला लावलं. मग कात्री घेऊन पत्रिकेतला तारीख, वेळ आणि ठिकाण एवढाच मजकूर कापला आणि तो चिठोरा काट्याला लावला. सुई हलली नाही.

"पायलं?" ते म्हणाले. "लग्न एवढंच हाय. बाकी सारं खोकं."

"याच्यातलं कामाचं किती?" हा त्यांचा आयुष्यातला एकमेव प्रश्न होता. तो ते सोफ्याला विचारत, सायकलला विचारत, सत्यनारायणाच्या पूजेला विचारत. माझा एक लेख त्यांनी वाचायला नेला आणि परत आणून देताना म्हणाले, "चांगला हाय भाऊ. फक्त दुसऱ्या पानापासून सुरू करा." मी तो जसाच्या तसा मासिकाकडे पाठवला. संपादकांनी पहिलं पान गाळून छापला.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडात पॅकेजांची होती. शेतीचं काहीतरी भयंकर बिघडलं आहे ही बातमी मुंबई-दिल्लीला पोचली होती आणि वरचेवर कुठलं ना कुठलं पथक पाहणीला येई. पथकांसाठी विश्रामगृहाला नवा रंग दिला गेला. तेवढी सुधारणा मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या महाविद्यालयातही या विषयावर परिसंवाद झाला. मुख्य पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि दोन्ही हातांनी धरावं लागेल असं मानचिन्ह देण्यात आलं. ते पुष्कळ वेळ बोलले. कुणाला काही शंका असल्यास विचारा, असं अध्यक्षांनी रीतीप्रमाणे म्हटलं, तेव्हा दिगंबरराव उठले.

"सायेब, याच्यातलं कामाचं किती?"

पाहुण्यांना ते पॅकेजबद्दल विचारतायत असं वाटलं. ते बाणेदारपणे म्हणाले, "सगळंच!"

दिगंबरराव खाली बसले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मंग गेलं कामातून. सगळंच कामाचं असलं म्हंजे कुठंतरी तडा जाते."

दिगंबररावांच्या पत्नी कुसुमवहिनी वारल्यावर त्यांच्या घरातलं सामान हळूहळू दिसेनासं झालं. आधी दिवाण गेला, मग शोकेस, मग दारातली कुंडी. शेवटी एक खाट, एक खुर्ची, स्टीलचं एक ताट आणि एक कप एवढंच उरलं. मी गेलो की मी कपातून चहा घेई आणि ते बशीतून. मी ह्याला अपरिग्रह समजत असे आणि जैन धर्माच्या तासाला शेजाऱ्याचं उदाहरण म्हणून सांगत असे. मुलांना जैन धर्म त्यामुळे कळला की नाही सांगता येत नाही. दिगंबररावांचा पत्ता मात्र पुष्कळांनी विचारला.

त्यांचा कारखाना एमआयडीसीत होता. वडिलांनी काढलेला. वखराची आणि डवऱ्याची पास, म्हणजे बैलांनी ओढायच्या अवजारांची लोखंडी पाती, तिथे एका मोठ्या पॉवर हॅमरखाली ठोकून निघत. उन्हाळा संपत आला की दारात बैलगाड्यांची रांग लागे. मग गावोगावचे बैल कमी होत गेले. पोळ्याला तोरणाखाली जोड्या कमी आणि ट्रॅक्टर जास्त दिसू लागले. बैल विकला की वखर भिंतीला टेकतो, आणि भिंतीला टेकलेल्या वखराची पास झिजत नाही. दिगंबररावांच्या दारातली रांग आटली.

त्यांचा मुलगा पुण्यात असतो. लोक पुण्याहून बाकरवडी आणतात; दिगंबरराव एकदा मुलाकडून परतले ते पिशवीत एका मोटारीचा लोखंडी लोअर आर्म घेऊन. हा आर्म म्हणजे चाक आणि गाडीचं धड यांना जोडणारा हात. खड्ड्यातला प्रत्येक धक्का आधी तो खातो. माझ्या मांडीवर तो ठेवून दिगंबरराव म्हणाले, "बोला भाऊ. याच्यातलं कामाचं किती?"

मांडीला कळ लागली होती, म्हणून मी लगेच म्हणालो, "अर्धं."

"बराबर!" ते एवढे खूश झाले की मला दुसरा चहा मिळाला. कप विसळेपर्यंत थांबावं लागलं, एवढंच.

त्यांची योजना अशी होती. गाडी हलकी झाली की पेट्रोल कमी पिते. म्हणून मोठमोठ्या कंपन्या लोखंडाचे भाग काढून अॅल्युमिनियमचे बसवायला लागल्या होत्या. पण नुसतं अॅल्युमिनियम मऊ. त्यात दगडापेक्षा कठीण अशी एक बारीक पूड घोटायची, ते ओतून त्याच्या कांड्या करायच्या, कांडी पुन्हा तापवायची आणि साच्यात ठेवून हॅमरखाली ठोकायची. वजनाने हलका आणि ताकदीला लोखंडाचा भाऊ असा भाग तयार. कारखाना तोच, हॅमर तोच, माणसं तीच. फक्त बैलाच्या ऐवजी मोटार.

कांड्या ओतायला अकोल्याचे रज्जाकभाई पुढे आले. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या अॅल्युमिनियमची पातेली आणि डेग ओतण्याचा धंदा. पूड नीट मिसळली नाही तर तिच्या गाठी होतात आणि तिथेच भाग फुटतो. रज्जाकभाईंनी हा प्रश्न पहिल्याच दिवशी समजून घेतला आणि मलाही समजावला. "बिर्याणीतल्या इलायचीसारखं हाय, प्रोफेसरसाब. सब जगा पोचली पायजे, और दाताखाली कोणाच्याच नाही आली पायजे." मग पुष्कळ महिने ती दाताखाली येत राहिली.

खरी गंमत भट्टीवर झाली. हॅमरवर नामदेव होता. त्याचा जन्म लोखंडात गेलेला. लोखंड तापलं की आधी लाल होतं, मग केशरी, मग पिवळं, आणि रंग पाहून माणूस घाव घालतो. अॅल्युमिनियम रंग बदलत नाही. शेवटपर्यंत होतं तसंच दिसतं आणि मग एकदम मटकन बसतं. पहिल्या दिवशी दिगंबरराव "काढ, नामदेव, काढ" म्हणत होते आणि नामदेव "लाल त होऊ द्या भाऊ, काहून घाई करून राहिले?" म्हणत होता. शेवटी भट्टीचं दार उघडलं तेव्हा आत कांडी नव्हती. गरम पोळीवरच्या तुपासारखं काहीतरी पसरलं होतं.

"हे धातू नाई नामदेव," दिगंबरराव म्हणाले, "पाव्हणा हाय. भूक लागली त सांगत नाई. उठून चालला जाते."

मग नामदेवने आपला उपाय काढला. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती वाळकी पराटी तो बांधावरून भारा भरून घेऊन आला. तापलेल्या कांडीवर पराटीची काडी घासायची. नुसती घासली गेली तर थांबायचं. काळी रेघ उमटली आणि काडी तेलावरून घसरावी तशी घसरली की घाव घालायचा. दिगंबररावांनी उष्णता मोजायचं उपकरणही आणलं होतं. काडीचं आणि उपकरणाचं बहुतेक वेळा जमत असे. जमत नसे तेव्हा उपकरण बरोबर असे.

यात दोन वर्षं गेली. कडेला तडे गेलेले, मध्ये गाठ आलेले, अर्धेच भरलेले आर्म कोपऱ्यात साठत गेले. पुण्याहून मुलाचा फोन येई: "बाबा, आता पुरे. इकडे या. तुमची खोली तयार आहे." दिगंबरराव ती खोली पाहून आले होते. सातव्या मजल्यावर होती. "खोली चांगली हाय," ते मला म्हणाले. "खिडकी बी मोठी हाय. खिडकीतून दुसरी खिडकी दिसते."

मग अकोल्याचा एक भंगारवाला हॅमर पाहायला आला. त्याने हॅमरभोवती एक फेरी मारली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "वजन चांगलं हाय." आयुष्यात वजनाची एवढी उघड स्तुती दिगंबररावांनी पहिल्यांदाच ऐकली असावी. भंगारवाल्याला त्यांनी दसऱ्यापर्यंत थांबायला सांगितलं.

कारण श्रावण लागता लागता एक आर्म बिनतड्याचा निघाला. मग दुसरा. तिसरा पुण्याच्या एका मोटार कंपनीकडे पाठवला, आणि तिथून निरोप आला की आमच्या इंजिनिअर मॅडम येतील, त्यांच्यासमोर आर्म ठोकून दाखवा, पसंत पडला तर काम देऊ. नाही तर नाही. म्हणजे सगळं एका दिवसावर आलं. आर्म पसंत पडला तर हॅमर राहणार, नामदेव राहणार, दिगंबरराव राहणार. नाही पडला तर हॅमर भंगारात आणि दिगंबरराव खिडकीपाशी.

तारीख फोनवर ठरली. समोरून मॅडमनी इंग्रजी तारीख सांगितली. दिगंबररावांनी ती कुठल्याशा व्यापाऱ्याकडून भेट आलेल्या इंग्रजी डायरीत पाहिली, पान कोरं होतं, म्हणून हो म्हणाले.

मॅडम येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी कारखान्यात गेलो. साचे पुसून ठेवले होते. रज्जाकभाई अकोल्याहून कांड्या घेऊन आले होते आणि एकेकीवर बोट फिरवत होते. इतक्यात नामदेव आत आला. त्याच्या एका हातात वाटी होती, दुसऱ्या हातात पळसाची पानं. वाटीत लोणी आणि हळद.

दिगंबरराव वाटीकडे पाहत राहिले. "नामदेव, आज काय हाय?"

"खांदशेकणी, भाऊ."

"मंग उद्या?"

"उद्या पोळा. काहून?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोण्या-हळदीने शेकतात, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात, आणि पोळ्याला त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. कारखान्यात ते हॅमरसाठी करत. दिगंबररावांच्या वडिलांनी घरची बैलजोडी विकून हॅमर घेतला होता. जोडी गेली, पण जोडीचा मान कुणाला तरी द्यायला हवा, म्हणून तो हॅमरकडे आला. वडील होते तोवर आणि ते गेल्यावरही, पोळ्याला त्या हॅमरने कधी घाव घातला नव्हता.

रज्जाकभाईंनी कपाळाला हात लावला. "अमावस देखनी थी ना, दिगंबरभाऊ! आम्ही तं चांद पायल्याबिगर ईद बी नाही करत. तुम्ही कालनिर्णय पायल्याबिगर मॅडमले बोलावलं!"

मॅडम एव्हाना गाडीत बसल्या होत्या. मी शिकलेला माणूस म्हणून तोडगा सुचवला. म्हटलं, "एक दिवस चालवला तर?" नामदेवने माझ्याकडे असं पाहिलं की मी पायातल्या चपला काढल्या. का काढल्या ते मला अजून कळलेलं नाही.

सत्यनारायणालाही हिशेब विचारणारे दिगंबरराव आता नामदेवला काय विचारतात याकडे माझं लक्ष होतं. त्यांनी काहीच विचारलं नाही. वाटी घेतली, पळसाच्या पानाने हॅमरच्या दोन्ही बाजू, वर-खाली होणाऱ्या त्याच्या खांद्यांपाशी, सावकाश चोळल्या आणि घरच्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशा खालच्या आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

हॅमर काही बोलला नाही. बैलही बोलत नाहीत म्हणा.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला उतरून आपटे मॅडम सकाळीच कारखान्यात आल्या. तिशीच्या, हातात हेल्मेट, पायात सुरक्षेचे बूट. हॅमरवर आरसे लावलेली झूल होती, गळ्यात झेंडूची माळ, माथ्यावर रंगीत गोंडे.

"हे गोंडे," मॅडमनी विचारलं, "धोक्याची खूण म्हणून लावलेत का?"

"नाई मॅडम," नामदेव म्हणाला. "देखणा दिसावा म्हून."

दिगंबरराव पुढे झाले. "मॅडम, आज हॅमर चालत नाई."

"बिघडलाय?"

"नाई. सुटी हाय."

"कोणाला?"

"हॅमरले."

मॅडमनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही; पुण्याच्या लोकांचा चढत नाही, थंड होतो. "वानखडे, तारखेला तुम्हीच हो म्हणालात. माझं आज रात्रीचं परतीचं तिकीट आहे. दुसरे दोन कारखाने याच कामासाठी रांगेत आहेत आणि त्यांचे हॅमर आज चालू आहेत. आज झालं नाही तर मला 'प्रात्यक्षिक दाखवलं नाही' असंच कळवावं लागेल."

"कळवा मॅडम. खरं थेच कळवा. चूक माही हाय."

"पण का? बैल तरी कुठे आहे इथे?"

दिगंबररावांनी जोडीची हकिकत सांगितली. मग म्हणाले, "कामाचं काईच नाई त्याच्यात. मले मालूम हाय. मी सारी जिंदगी बिनकामाचं छाटत आलो. पण हे पाहा..." त्यांनी टेबलावरचा आर्म उचलला आणि त्याच्या मानेवरून, चाकाकडचा भाग जिथे बारीक होतो तिथून, अंगठा फिरवला. "इथं बी हिशेबापेक्षा जास्त ठेवलं हाय. कागदावर त्याचं काम नाई. पण छाटलं का तुटते. तीन खेपा तुटला."

मॅडमनी आर्म हातात घेतला. आता त्या पोळ्याबद्दल काहीतरी समंजस बोलतील असं मला वाटलं.

"किती जास्त ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

मग पुढचा अर्धा-पाऊण तास ती दोघं आर्मच्या मानेवर बोलत होती. खुर्च्या ओढल्या गेल्या, खडूने जमिनीवर आकृत्या निघाल्या. मॅडमचं म्हणणं, वळण मोठं केलं तर एवढं वजन लागणार नाही. दिगंबररावांचं म्हणणं, वळण मोठं केलं त साचा भरत नाई. रज्जाकभाई मध्येच इलायची घेऊन आले. शेवटी मॅडम फोन घेऊन बाहेर गेल्या. अंगणात फेऱ्या मारत त्या बराच वेळ कुणाला तरी काहीतरी पटवत होत्या. परत आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "जेवण किती वाजता आहे?"

नैवेद्य हॅमरपुढे ठेवला गेला. पोळ्याला आमच्याकडे झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या चार ओळी, म्हणतात. नामदेवने घसा साफ करून ताजी झडती सोडली:

"लोखंड गेलं, अल्मीन आलं,
जड व्हतं थे हलकं झालं,
पुण्याची म्याडम आली दाराशी,
हॅमर म्हणते, पायू उद्याशी!"

"हर बोला हर हर महादेव!" सगळे ओरडले. त्यात रज्जाकभाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. ते म्हणाले, कांड्या आपल्या हायत, बोलना पडता.

मग आम्ही सगळे, कारखान्यातली यच्चयावत माणसं, राजापेठेत दिगंबररावांच्या घरी गेलो. पोळ्याच्या दिवशी मी दर वर्षी सासुरवाडीला असतो; या वर्षी आर्मचं काय होतं ते पाहायला थांबलो होतो. त्यामुळे हे जेवण मला नवीन होतं. एका कपाच्या घरात एवढी माणसं कशात जेवणार, याची मला काळजी वाटत होती.

माळ्यावरून पोती उतरवली गेली. त्यांतून पितळी ताटं निघाली. मोठी, जाड काठांची, चिंचेने घासून लख्ख केलेली. एकात एक रचलेल्या ताटांची चवड नामदेवला एकट्याने उचलवेना. पुरणपोळ्या दिगंबररावांनी पहाटेपासून स्वतः केल्या होत्या. त्या जाड होत्या, काठाला कच्च्या होत्या, आणि काहींतून पुरण आपल्या मर्जीने बाहेर आलं होतं. सगळे तूप मागत राहिले.

मॅडमनी आपलं ताट जवळ ओढलं आणि सहज म्हणाल्या, "बाप रे! केवढं जड आहे हो हे."

मी दिगंबररावांच्या खिशातल्या काट्याकडे पाहिलं. काटा खिशातच होता.

"जड हाय," दिगंबरराव म्हणाले. "कुसुमनं माहेरून आणले, धामणगाववरून. पोळ्याच्या जेवणासाठी. दर वर्षी म्हटलं मी तिले, अवो, स्टीलचे घे, हलके येतात." त्यांनी मॅडमच्या पानात आणखी एक पोळी वाढली. "आयकलं नाई तिनं."

आणि ते पुढच्या पानाकडे गेले. घ्या, आणखी घ्या, असं म्हणत ते शेवटच्या माणसापर्यंत वाढत गेले आणि उलटे परत आले. आग्रह त्यांना जमत नव्हता. वर्षातून एकदाच करत असल्यामुळे सवय नव्हती.

माणसं पांगल्यावर मी मागे राहिलो. दिगंबरराव मागच्या मोरीवर ताटं घासत बसले होते. मी म्हटलं, बाई लावा कुणी तरी. ते म्हणाले, बाई पोचे पाडते.

"एवढे लोक मंग साऱ्या वर्षात येत नाईत घरी," ते ताटाकडे पाहत म्हणाले. "लोकाईले जेवाले बोलवाले काई निमित्त लागते ना, भाऊ. आता पुण्याले, सातव्या माळ्यावर, मी कोणाच्या नावानं आवतन देऊ?"

मी ताटं पुसायला घेतली. ती खरोखरच फार जड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅमरची झूल काढली, माळ उतरवली. रज्जाकभाईंची कांडी भट्टीत गेली. नामदेवने काडी घासली आणि "झालं" म्हणाला. उपकरण "थांबा" म्हणालं. थांबले. मग घाव पडायला लागले तशी माझ्या पायाखालची जमीन हलली. चौथ्या की पाचव्या आर्मपाशी मॅडमनी हात वर केला, दोन आर्म निवडले आणि पिशवीत घालून पुण्याला नेले. तिथे ते कापले, वाकवले, लाखो वेळा हलवून पाहिले. मान तुटली नाही. दसऱ्याच्या आत काम मिळालं. फार मोठं नव्हतं. हॅमर जागचा हलू नये एवढं होतं. भंगारवाल्याला दिगंबररावांनी कोपऱ्यातले तडे गेलेले आर्म दिले. त्याने वजनाबद्दल नाराजी व्यक्त केली.

एक अडचण मात्र राहिली. अशा कंपन्यांना पुरवठादाराचं यंत्र वर्षातल्या कुठल्या दिवशी आणि कशासाठी बंद राहणार हे आधी कळवावं लागतं, आणि 'पोळा' हे कारण त्यांच्या कारणांत बसत नव्हतं. त्यावर आपटे मॅडमनी मार्ग काढला. कंपनीच्या दप्तरी आता दर श्रावण अमावास्येला अमरावतीचा हॅमर 'वार्षिक वंगणासाठी' बंद असतो. वंगणाचा प्रकार म्हणून लोणी आणि हळद अशी नोंद आहे. मागच्या तपासणीत त्यावर एकच हरकत निघाली: हळदीचं प्रमाण नमूद केलेलं नाही.